बुटक्या दाराची चौकट

तारा आणि ईशान, मागच्या महिन्यात फोनवर तुमच्या आईनं सांगितलं की तुमची पणजी, म्हणजे माझी आई, फार भांडखोर होती, आणि तुम्ही दोघं हसलात. ती भांडखोर होती हे खरंच आहे. पण माणूस कुणाशी भांडलं आणि कशासाठी भांडलं हे न सांगता त्याला भांडखोर म्हणायचं, हे मला पटत नाही. माझे बाबा जाऊन आता वर्ष होईल. आई त्यांच्या आधी गेली, सोमय्यामामा तिच्याही आधी. त्या भांडणातली मी एकटीच उरले आहे आणि तुम्ही मेलबर्नला आहात, म्हणून हे लिहून ठेवते. मराठी वाचताना तुम्ही अजून अडखळता, हे मला माहीत आहे. सावकाश वाचा. मीही घाईत लिहिलेलं नाही.

आम्ही तेव्हा शारजाला, अल नहदामध्ये राहत होतो. अर्धे टॉवर उभे होते, उरलेल्या जागी नुसती वाळू आणि क्रेन. रस्त्याच्या पलीकडे दुबई सुरू व्हायची. सकाळी सगळं अल नहदा एकाच वेळी पलीकडे जायला निघायचं आणि गाड्यांच्या रांगेचा आवाज आठव्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात यायचा. दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेला जाणारी माझी बसही त्याच रांगेत अडकलेली असायची. बाबा मूळचे सांगलीचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं लाकूडकामाचं वर्कशॉप होतं. हॉटेलांचे दरवाजे आणि काउंटर, श्रीमंतांच्या व्हिलांमधल्या बैठकीच्या खोल्या असली कामं ते घ्यायचे. आई कोडगूची, म्हणजे तुम्ही नकाशात ज्याला कूर्ग म्हणून शोधाल तिथली. ती तिथल्या कोडव समाजाची होती. दोघांची ओळख बंगलोरला कॉलेजात झाली आणि दोन्हीकडच्या लोकांना न विचारता त्यांनी लग्न केलं. आई बाबांना नावानं हाक मारायची, 'प्रकाश', आणि अरे-तुरे करायची. सांगलीच्या आत्याला ते अखेरपर्यंत सहन झालं नाही. आमच्या घरात दोन आवाज कायम असत, एक एसीचा आणि दुसरा भांडणाचा. एसी निदान हिवाळ्यात बंद व्हायचा.

माझं आणि आईचं भांडण एका कोपऱ्यावरून होतं. तिच्या माहेरच्या घरात नैर्ऋत्येची खोली पूर्वजांची असे. तिला कन्नी कोंबरे म्हणतात. अल नहदाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर आईनं बाबांचं होकायंत्र घेऊन सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या आणि नैर्ऋत्येचा कोपरा नेमका माझ्या खोलीत निघाला. माझा पलंग तिथून हलला तो थेट एसीखाली आला. कोपऱ्यात एक पितळी दिवा आला. सकाळी आणि संध्याकाळी दारावर टकटक न करता आई आत यायची, दिवा लावायची, हात जोडून काही पुटपुटायची आणि जाताना माझ्या टेबलावरच्या पसाऱ्याकडे नजर टाकायची. एकदा उदाचा धूर जास्त झाला आणि स्मोक अलार्म वाजला. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे आमचा पठाण वॉचमन, धावत वर आला आणि आईनं त्यालाच सुनावलं की तुझ्या यंत्राला देवाधर्माचा धूर आणि आगीचा धूर यातला फरक कळत नाही. मी पंधरा-सोळा वर्षांची होते. आईला राग यावा म्हणून मी तिला मुद्दाम इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. एकदा मी म्हटलं की कुणाचे पूर्वज, तुझ्या हिशेबानं मला पूर्वजच नाहीत. त्या दिवशी तिनं दिवा लावला आणि न पुटपुटता निघून गेली. माझं वाक्य चुकीचं नव्हतं. त्या लोकांत घर चालतं बापाकडून. एका मूळ पुरुषापासून वाढलेल्या सगळ्या कुळाला ओक्क म्हणतात आणि त्या सगळ्यांचं मिळून एक मूळ घर असतं, ऐनमने. मुलगी लग्न करून गेली की ती त्या ओक्कातून गेली. तिची मुलं बापाची. आणि बाप सांगलीचा.

आता ते घर कसं होतं ते नीट सांगते, कारण पुढं सांगायला जागा मिळणार नाही. मी ते एकदाच पाहिलं, नऊ वर्षांची असताना. उरलेलं आईच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि ती इतक्या वेळा सांगायची की पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं हे आता मला वेगळं करता येत नाही. घराकडं जाणारी वाट दोन्ही बाजूंनी छातीएवढ्या मातीच्या बांधांमधून जायची. तिला ओणी म्हणतात. ती सरळ नव्हती, वळणं घेत जायची. शत्रू आला तर त्याला शेवटच्या वळणापर्यंत घर दिसू नये म्हणून, असं आई म्हणायची. मग दगडी पायऱ्या, वर उंच जोत्यावर घर, तोंड पूर्वेला, समोर खाली भाताची खाचरं. पुढं लांब ओसरी. ओसरीचे खांब लाकडी, चौकोनी, खाली जाड आणि वर निमुळते होत गेलेले. खांबाखांबांमध्ये एकेका अखंड झाडाची रुंद फळी बसवलेली. ती ऐमरा. हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत, कारण दोनशे वर्षं माणसं तिच्यावर बसत आली होती. पण कुणीही बसायचं नाही. ओक्कातला सगळ्यांत वडील पुरुष उजव्या टोकाला, बाकीचे वयाप्रमाणे. आत मधला चौक, पाऊस त्यात पडायचा. चौकाच्या पलीकडे मोठी खोली, तिच्यात छताला टांगलेला दिवा. त्या खोलीला आणि दिव्याला मिळून नेल्लक्की म्हणायचे. घरात काहीही महत्त्वाचं बोलायचं असेल, लग्न, वाटणी, शपथ, ते त्या दिव्यासमोर बोलायचं.

आणि ओसरीतून आत जाणारं मुख्य दार. हे दार बुटकं होतं, पाच फुटांच्याही आत. वाकल्याशिवाय कुणालाच आत जाता येत नसे. तुमच्या पणजोबांसारख्या उंच माणसाला तर चांगलंच वाकावं लागलं असतं. चौकट फणसाच्या लाकडाची, हातभर रुंद. दोन्ही उभ्या बाजूंना खाली कमळ, कमळातून वर चढत गेलेला नाग, वरच्या आडव्या पट्टीवर समोरासमोर दोन पोपट, टोकांना एकीकडे सूर्य आणि एकीकडे चंद्र. आई त्याचे अर्थ सांगायची. कमळ म्हणजे घरात लक्ष्मी, नाग धान्याचा राखणदार. पोपट अशासाठी की पीक आलं तरच पोपट येतात, ज्या घरावर पोपट उतरत नाहीत ते घर उपाशी. आणि सूर्य-चंद्र आहेत तोवर ओक्क आहे. पुस्तकांत कदाचित वेगळं लिहिलेलं असेल, मी आईचं सांगते आहे. सगळ्या घरांच्या चौकटींवर नाग आत, घराकडे बघतात. आमच्या चौकटीवरचा डावीकडचा नाग बाहेर बघत होता. कोरणाऱ्या सुताराचं लक्ष नव्हतं म्हणा किंवा त्याला मजुरी कमी दिली म्हणा. आसपासच्या ओक्कांतले लोक त्यावरून चेष्टा करत, की तुमचा नाग धान्य सोडून पाहुणे राखतो.

आम्ही गेलो ते पुत्तरीला, नव्या भाताच्या सणाला. माझ्या जन्मानंतरही आजोबांनी आईला कधी बोलावलं नव्हतं, आणि त्या वर्षी अचानक निरोप आला की या. आम्ही विमान, मग बस, मग जीप असे पोचलो. बाबा नवा शर्ट घालून आले होते. ओणी चढून त्यांना धाप लागली, ओसरीवर आले आणि समोर दिसलेल्या फळीवर बसले. उजव्या टोकाला. त्यांना काय माहीत. सांगलीत माणूस दमून आला की ओसरीवर बसतो. माझा मामा सोमय्या तेव्हा कोवळा होता, पंचविशीचा असेल. तो पुढं आला, त्यानं बाबांच्या खांद्यावर बोटानं दोनदा टिचकी मारली आणि त्यांना उठवलं. मग आतून एक घडीची लोखंडी खुर्ची आणून ओसरीच्या एका कडेला, चपलांशेजारी उघडून ठेवली. आजोबा उठून आत गेले. नंतर आतून निरोप आला की जावयांचं जेवण बाहेरच वाढा. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कोडव लोक पाहुण्याला फार मानतात, दारातून पाहुणा उपाशी जाऊ देत नाहीत. हा त्या जातीचा रिवाज नव्हता. हा माझ्या आजोबांचा राग होता. आईला आणि मला आत बोलावलं. आई वाकून दारातून आत गेली, मला हाताला धरून, आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही. जेवण, गप्पा, जुन्या मैत्रिणी, म्हाताऱ्या आत्या, सगळं होईपर्यंत ती बाहेर आली नाही. मी मात्र आतून पाहत होते. बाबा खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन बसले होते आणि दारातून त्यांचे फक्त गुडघे दिसत होते.

त्यानंतर आमच्या घरात कुठलंही भांडण, दुधावरून असो की व्हिसावरून, त्या खुर्चीपाशी येऊन संपायचं. बाबा म्हणायचे, तू वळून बघितलं नाहीस. आई म्हणायची, दहा वर्षांनी बापाच्या घरात पाय टाकला होता, मी कुणाकडे बघायला हवं होतं. दोघांचंही म्हणणं मला आज पटतं. तेव्हा मी बाबांच्या बाजूची होते. मला ते घर, तो दिवा, तो कोपरा, काहीच नको होतं. मला माझा पलंग खिडकीपाशी हवा होता.

मी अकरावीत असताना बाबांना दुबईतल्या एका नव्या रेस्टॉरंटचं काम मिळालं. मालकाला दक्षिणेकडच्या जुन्या घराचा देखावा हवा होता, खरं जुनं लाकूड लावून. तेव्हा तिकडची जुनी घरं पाडून त्यांचे खांब आणि दारं गल्फमध्ये पाठवणारे दलाल बरेच झाले होते. खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर उतरला, बाबा स्वतः जाऊन माल सोडवून आले आणि त्या शुक्रवारी आम्हाला म्हणाले की चला, वर्कशॉपवर काहीतरी दाखवायचंय. शुक्रवार म्हणजे सुट्टी, यंत्रं बंद, भुसा खाली बसलेला. आईनं डब्यात पुलाव घेतला होता. मध्ये सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर एक चौकट आडवी ठेवली होती, धुळीनं आणि तेलकट काजळीनं काळी झालेली. बाबांनी तिच्यावर ओला फडका फिरवला आणि मागं सरले.

आई जवळ गेली. तिनं आधी कमळाला हात लावला, मग बोटं नागावरून वर नेत गेली आणि डाव्या बाजूच्या नागाच्या फण्यापाशी थांबली. फणा बाहेर वळलेला होता. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं डबा खाली ठेवला आणि विचारलं, "प्रकाश, तुला माहीत होतं?"

बाबा म्हणाले, "माहीत होतं म्हणूनच घेतली. दलालानं फोटो फॅक्स केले तेव्हाच ओळखली. तुझ्या भावानं विकली आहे, चोरून नाही आणली मी." आणि मग ते हळू, एकेक शब्द वेगळा काढून म्हणाले, "ज्या दारातून मला आत घेतलं नाही, ते दार मी विकत घेतलं. आता ते रेस्टॉरंटला लागेल. कुणीही येईल, कुणीही जाईल."

एवढं ऐकून घेतलं असतं तर ती माझी आई नव्हती. पण तेवढ्यात तिला चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. रेस्टॉरंटचं दार म्हणजे मोठं हवं, ट्रॉली गेली पाहिजे, आग लागली तर लोकांना धावत बाहेर पडता आलं पाहिजे. म्हणून दोन्ही उभे खांब खालून नवीन लाकूड जोडून दीड हात उंच करायचे होते आणि वरची पट्टी मधून, दोन पोपटांच्या बरोबर मध्ये, कापून आत नवा तुकडा घालायचा होता. पुढच्या शनिवारी कटिंग होतं. आई म्हणाली की कापायची नाही. बाबा म्हणाले की मग ती कशी लावू. ती म्हणाली, लावूच नकोस. बाबा म्हणाले, रेस्टॉरंटच्या लोकांनी वाकून आत जायचं का तुझ्या बापाला नमस्कार करत. मी वाकणार नाही आणि दुसऱ्या कुणाला वाकायला लावणार नाही. मी मध्ये बोलले की बाबांचं बरोबर आहे, शेवटी ते लाकूड आहे. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुलावाचा डबा न उघडता घरी परत आला.

तो आठवडा फार वाईट गेला. आई रोज बाबांना जेवायला वाढायची आणि स्वतः ओट्यापाशी उभी राहून खायची. दिवा लावताना काडी इतक्या जोरात ओढायची की ती तुटायची. दिव्याला हात जोडून झाले की पुटपुटण्याऐवजी ती स्पष्ट मराठीत बोलायची, आम्हाला ऐकू जावं म्हणून, की तुमची चौकट कापणार आहेत, मला काही करता येत नाही, मी तुमची कुणी नाही. बाबा हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदा आईनं टीव्हीचं बटण बंद करून त्यांना विचारलं की ती चौकट अख्खी परत पाठवता येते का. बाबांनी विचारलं, कुणाला, तुझ्या भावाला, की त्याच्या मागच्या दलालाला.

आणि मग असं झालं की तोच भाऊ दुबईत येऊन उतरला. सोमय्यामामाच्या कॉफीच्या धंद्यातल्या कुणाचं प्रदर्शन होतं, तो त्यांच्याबरोबर आला होता. हॉटेलवरून त्यानं फोन केला. मला वाटलं आई फोन आपटेल. पण ती अगदी गोड आवाजात म्हणाली की शुक्रवारी जेवायला ये. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले की तो घरात आला तर मी बाहेर जाईन. आई म्हणाली, "तुला कुठं जावं लागणार नाही."

शुक्रवारी सकाळपासून ती स्वयंपाकात होती. तांदळाच्या कण्यांचे कदंबुट्टू वाफवले, लिंबाएवढे गोल, पांढरेशुभ्र. ते खरं म्हणजे डुकराच्या रश्श्याबरोबर खायचे, आणि आई एरवी दुबईतल्या सुपरमार्केटच्या मागच्या, मुसलमान नसलेल्यांसाठीच्या वेगळ्या खोलीतून ते मांस आणायची. त्या दिवशी तिनं कोंबडी केली. मी कारण विचारलं तर म्हणाली की शेजाऱ्यांच्या दारासमोर ते बरं दिसत नाही. मला काही कळलं नाही. मग बेल वाजली. आईनं दार उघडलं, मामाला दारातच थांबवलं आणि बाल्कनीतली घडीची खुर्ची उचलून बाहेर, कॉरिडॉरमध्ये, लिफ्ट आणि चपलांच्या रॅकच्या मध्ये उघडून ठेवली.

"बस," ती म्हणाली. "पान इथंच वाढते."

ती दोघं कोडव भाषेत बोलत होती. मला ती अर्धी कळायची, उरलेलं आईनं नंतर सांगितलं. मामा खुर्चीकडे बघत राहिला. आता तो जाडसर झाला होता, डोक्यावर टक्कल, अंगात ब्लेझर. त्याला कळायला वेळ लागला नाही. मला वाटलं तो परत लिफ्टचं बटण दाबेल. त्यानं ब्लेझर काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसला. आईनं त्याच्या मांडीवर ताट दिलं. तो ताटाकडे बघून म्हणाला की कदंबुट्टूबरोबर कोंबडी, शारजात येऊन तू अगदीच बिघडलीस. आई म्हणाली, "घरं विकणाऱ्यांना असंच वाढतात." मामा जेवायला लागला. जेवता जेवता तो शांतपणे भांडत होता. छप्पर गळत होतं, वाळवी खांबात चढली होती, सगळ्या चुलतभावांना पत्रं लिहिली आणि कुणी एक कौल दिलं नाही. "तुझ्या शारजातून एक खिळा आला का? आता सिमेंटचं घर झालंय, चार पिढ्या टिकेल. आणि तू कोण विचारणारी? तू लग्न करून गेलीस. त्या घराचं तू बोलायचं नाही."

"म्हणून मी त्या घराचं बोलतच नाही," आई म्हणाली. "हे माझं घर आहे. इथं आत कोण येणार ते मी ठरवते. अजून रस्सा घे."

तेवढ्यात नातूर जिन्यानं वर आला आणि थबकला. "मॅडम, मेहमान बाहर क्यूं बैठा है?" त्यानं विचारलं. आई म्हणाली की मेहमान को हवा चाहिए. कॉरिडॉरला एकही खिडकी नव्हती. मग समोरच्या दारातून शेजारच्या पॅलेस्टिनी बाई, आम्ही त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो, डोकावल्या. त्यांनी खुर्ची पाहिली, ताट पाहिलं, आणि मामाला हातानं आपल्या घरात बोलावलं, तफद्दल, तफद्दल, म्हणजे या, या, करत. आई फक्त म्हणाली, "खाला, फॅमिली." खालांनी एक लांब 'आह' काढला, सगळं कळल्यासारखी मान हलवली आणि दार लावून घेतलं. मिनिटाभरानं दार पुन्हा किलकिलं झालं, एक खजुराची बशी जमिनीवरून पुढं सरकली आणि दार बंद झालं.

बाबा इतका वेळ आत होते, दाराच्या मागं, सुट्टीच्या दिवशीच्या पायजम्यात. आता ते उंबऱ्यात येऊन उभे राहिले. मामानं त्यांच्याकडे वर पाहिलं. त्यांच्याशी तो इंग्रजीत बोलायचा. खुश आहात ना आता, असं त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, मी तिला सांगितलेलं नाही. मामा म्हणाला, "ते मला माहीत आहे. खुर्ची तुम्हाला सुचली नसती." त्यानं ताट संपवलं, एकही कदंबुट्टू टाकला नाही. आईनं तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं, रॅकशेजारच्या कुंडीत. त्यानं खालांचे दोन खजूर खिशात टाकले, ब्लेझर चढवला आणि आईला म्हणाला की ती चौकट परत पाठवायचा विचार असेल तर सोड, नव्या घरात ती कुठंही बसत नाही, आली तर शेडमध्ये जाईल. लिफ्ट आली आणि तो गेला. त्यानंतर त्या दोघांची भेट झाली ती थेट आईच्या आजारपणात, आणि तेव्हाही भांडणच झालं.

आईनं खुर्ची मिटली, दार लावलं. बाबा तिथंच उभे होते. असे चेहरे मी फार थोडे पाहिले आहेत. त्यांनी विचारलं, "माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी?" आई म्हणाली. "तू चौकट कापायला निघालायस. तुझ्यासाठी मी चहासुद्धा करणार नाही." आणि ताट घासायला आत गेली.

शनिवारी बाबांनी चौकट कापली नाही. मला ते महिन्याभरानं कळलं, रेस्टॉरंट सुरू झालं तेव्हा. दाराला सागाची नवी चौकट होती, उंच, रुंद, तीच कमळं, तेच पोपट, दोन्ही नाग व्यवस्थित आत बघणारे. मालकाला बाबांनी सांगितलं होतं की जुन्या लाकडाला वाळवी आहे. आई तिथं जेवायला आलीच नाही. आणि पुढच्या आठवड्यात चार माणसं मूळ चौकट जिन्यानं आठ मजले चढवून आमच्या घरात घेऊन आली, कारण ती लिफ्टमध्ये मावत नव्हती. आईनं दारात कडाकड भांडण केलं. तिला ती इथं नको होती. ती म्हणत होती की हे दुसऱ्याचं दार आहे, माझ्या घरात दुसऱ्याचं दार कशाला. बाबा म्हणाले की तुझा भाऊ घेत नाही, मी कापत नाही, आता राहिली कुठं, समुद्रात टाकू का. शेवटी त्यांनी ती माझ्या खोलीच्या दारापुढं उभी केली, भिंतीला लोखंडी पट्ट्या मारून. घरमालकाचं नवीन सात फुटी दार मागं आणि पुढं हे काळं, बुटकं. नैर्ऋत्येचा कोपरा त्याच्या आत पडला. आईनं त्याबद्दल बाबांना ना चांगलं म्हटलं ना वाईट. तिनं बाबांनी ती विकत घेतल्याबद्दल मात्र त्यांना कधी माफ केलं नाही, आणि बाबांनी तिच्या न वळण्याबद्दल तिला.

मी तिथं पुढं लग्न होईपर्यंत राहिले. दिवसातून किती वेळा वाकले असेन. आई सकाळ-संध्याकाळ वाकून यायची, दिवा लावायची, माझा पसारा बघायची. बाबा त्या चौकटीतून एकदाही आत आले नाहीत. मला ताप आला तेव्हाही नाही. पॅसेजमध्ये उभे राहून ते माझ्याशी बोलायचे, मी पलंगावरून उत्तर द्यायचे, आणि मला त्यांचा चेहरा दिसायचा नाही, छातीपासून खालचेच ते दिसायचे. मला वाटायचं की हा हट्ट आहे. आज वाटतं की हट्टच होता, आणि आईचा वेगळा नव्हता. त्या दोघांनी एकमेकांना सोडलं नाही, हे तुम्ही प्रेम म्हणून धरू नका. त्यांना भांडायला दुसरं कुणी तितकं लायक मिळालं नाही, एवढंच.

अल नहदाचा फ्लॅट सोडला तेव्हा बाबांनी चौकट सुटी करून सामानाबरोबर इकडे पुण्याला माझ्याकडे पाठवली. सध्या ती माझ्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. दर पावसाळ्याआधी मी तिला तेल लावते. कोडगूला ओणी बुजवून आता जीपचा रस्ता झाला आहे, खांब आणि ऐमरा कुठं गेले ते मला माहीत नाही, आणि चौकटीचा उंबरठा तिथंच फरशीखाली राहिला असं मामा आईला सांगून गेला होता. म्हणजे दोन उभ्या बाजू आणि वरची पट्टी, एवढं उरलं आहे. उजव्या बाजूचं कमळ वाळवीनं अर्धं खाल्लं आहे. बाकी लाकूड ठणठणीत आहे, आणि वरची पट्टी अखंड आहे.